पाचवं ॲप

तिने पिशवी ओट्यावर आपटली, आतून भाजीची पावती काढली आणि नवऱ्याच्या नाकासमोर धरली.

“आज हे कुठे लिहायचं? लाल ॲपात की पांढऱ्यात?”

“तूर्तास डब्यात टाक,” तो मोबाइलमधून मान वर न काढता म्हणाला.

डबा बिस्किटांचा, पत्र्याचा. चार महिन्यांच्या पावत्या कोंबून कोंबून त्याचं झाकण आता रबर लावल्याशिवाय बसत नव्हतं.

ठरलं होतं ते अगदी साधं. तीन महिने घरखर्च नीट लिहायचा आणि त्याच्या एकट्याच्या पगारात भागतंय असं दिसलं, की तिने नोकरी सोडायची. नऊ वर्षं ती वीज कंपनीच्या तक्रार विभागात कानाला हेडफोन लावून लोकांच्या शिव्या खात होती. वर्षभरापासून डावा कान संध्याकाळ झाली की शिट्टी वाजवायचा. डॉक्टरीणबाईंनी स्पष्ट सांगितलं होतं, हे काम थांबवा, नाहीतर आहे तेवढंही ऐकू येणार नाही. पुस्तकं बांधायचं एक जुनं यंत्र तिने मागच्या खोलीत आणूनही ठेवलं होतं. त्यावर धूळ बसत होती.

आणि हा गृहस्थ ॲप निवडत बसला होता! एकात जाहिराती फार, दुसऱ्याचे आकडे बारीक, तिसरं उगाच शहाणपणा शिकवतं. चौथं लाल, निव्वळ खर्च लिहायचं. आता हे पाचवं, पांढरं, त्यात म्हणे काहीही करता येतं. याद्या, तक्ते, टिपणं, मनात आलं तर आत्मचरित्रसुद्धा. तो चष्म्याच्या दुकानात नोकरीला. दिवसभर लोकांच्या डोळ्यांपुढे काचा बदलत ‘ही बरी की ही?’ विचारायचा, आणि लोक बिचारे दोन सेकंदांत सांगून मोकळे व्हायचे.

“लाल ॲपात वाईट काय आहे?” तिने विचारलं.

“वाईट असं नाही. पण त्यात त्यांचेच रकाने. आपल्याला हवे तसे पाडता येत नाहीत.”

“भाजी ती भाजी. तिला असे किती रकाने हवेत?”

“तसं नाही गं. मला आणखी एक महिना दे.”

“मागच्या महिन्यातही हेच म्हणालास. नाचता येईना अंगण वाकडं! साध्या वहीत लिहिलं असतं, तर एव्हाना मी घरी असते.”

त्याने मोबाइल टेबलावर ठेवला आणि टॉवेल घेऊन आंघोळीला गेला.

तिने डब्याचं रबर ओढून काढलं. आता मीच भरते, म्हणाली, आणि त्याच्या मोबाइलवर लाल ॲप उघडलं.

ते भरलेलं होतं. भाडं, दूध, किराणा, अगदी परवाचं लिंबूसुद्धा. मिळकतीत फक्त त्याचा पगार. खाली लाल अक्षरांत महिन्याची तूट, सहा हजार चारशे.

तिने तिसरं ॲप उघडलं. मग दुसरं, मग पहिलं. सगळ्यांत त्याच पावत्या, तेच सहा हजार चारशे. ॲप बदलत होतं, आकडा बदलत नव्हता.

तिला संताप आला. इतके दिवस माहीत होतं, आणि तोंडातून चकार शब्द नाही!

तणतणतच तिने पांढरं उघडलं. त्यात मोठा तक्ता होता आणि शेवटी त्याने स्वतः पाडलेला एक रकाना, ‘नसलं तरी चालेल’. दुपारचा चहा, नऊशे. केस कापणं, अडीचशे. पोहण्याचा तलाव, सोळाशे. दाढेसाठी बाजूला, अडीच हजार. चारींपुढे खूण होती. तूट उरली होती साडेअकराशे.

दोन महिने तो एकाच बाजूने चावत होता. विचारलं तर म्हणायचा, सवय लागली.

तिने दाढेपुढची खूण काढली. तूट पुन्हा वर गेली. मग ती तक्त्यात वरपासून खालपर्यंत बोट फिरवत राहिली. त्याने फक्त स्वतःचेच खर्च शोधले होते. तिचा बसचा पास, अठराशे. तिने खूण केली. ऑफिसातलं जेवण, तेराशे. डोकेदुखीच्या गोळ्या, तीनशे. नोकरीच नसेल तर हे कशाला लागतंय?

तो बाहेर आला. तिच्या हातातला मोबाइल पाहून दारातच थांबला.

“ते अजून कच्चं आहे,” तो म्हणाला.

“बघ.”

त्याने पाहिलं. पासाच्या ओळीवर त्याचं बोट थांबलं.

“हे माझ्या डोक्यातच आलं नाही.”

“मला विचारलं असतंस तर पहिल्याच दिवशी सांगितलं असतं. काय चार महिने एकटाच कुढत बसलास?”

“तुला ‘नाही’ म्हणायला जीभ रेटेना.”

“मग ‘हो’ म्हण.”

“अजून अडीचशे कमी पडतायत.”

“पडू देत. म्हण.”

केसांचं पाणी त्याच्या शर्टावर टपकत होतं. तिच्याशेजारची खुर्ची ओढून तो बसला.

“हो,” तो म्हणाला.