शीतलचं झाकायचं सामान

मित्रांनो, हिंगोलीकडच्या पुसेगावात पद्माबाईंच्या घरी कपाटाच्या वरच्या फळीवर हिरव्या कापडाची, चेन लावलेली एक जुनी पिशवी पडून आहे. ती मी. हल्ली माझ्याकडे कुणी बघत नाही. कपाटाचं दार उघडतं, कुणीतरी साडी काढतं, दार बंद होतं. पुन्हा अंधार. आज तुम्ही भेटलात, तर मी माझी कहाणी सांगून घेते.

पद्माबाई गावातल्या बायकांचे ब्लाउज शिवतात. एका ब्लाउजचं उरलेलं कापड घेऊन त्यांनी मला शिवलं. काही सांडलं तरी बाहेर येऊ नये म्हणून आतून फाटक्या रेनकोटचं प्लास्टिक लावलं. चेन हिंगोलीच्या बाजारातून आणली. त्यांची मुलगी शीतल नर्सिंग शिकायला हिंगोलीला निघाली होती, तिच्यासाठी मी तयार झाले. नवी होते, चमकत होते. आपल्यात आता काय काय सुंदर भरलं जाईल, या विचारानं मी हरखून गेले होते.

पण आधी शीतलबद्दल सांगायला हवं. ती सातवीत असताना तिच्या ओठाच्या कडेला एक पांढरा डाग उमटला. मग हनुवटीवर, मग बोटांच्या टोकांवर. डॉक्टर म्हणाले, याला कोड म्हणतात. हे हात लावल्यानं पसरत नाही, घाबरण्यासारखं काही नाही. डॉक्टरांचं बोलणं दवाखान्यातच राहिलं. गावात शीतलनं दिलेलं पाणी लोक न पिता तसंच ठेवून उठू लागले. शाळेत तिच्या बाकावर ती एकटीच उरली. शेवटी पद्माबाईंनी अंगाच्या रंगाचं एक घट्ट क्रीम शोधून आणलं. ते नीट लावलं की डाग दिसत नसत.

हिंगोलीला निघायच्या आदल्या दिवशी मायलेकी मला मध्ये ठेवून बसल्या. काय न्यायचं नि काय नाही, ते ठरत होतं. शीतलनं पावडर, काजळ, टिकल्यांचं पाकीट आणि गुलाबी नेलपॉलिशची बाटली पुढं काढून ठेवली होती.

"माय, नेलपॉलिश ठेवू का?" तिनं विचारलं.

"कशाला? रंग लावला की लोकं बोटांकडंच बघतेत. त्यापरीस क्रीमच्या ट्यूबा ठेव. अन् हे लावल्याबिगर खोलीच्या भायेर निघू नको, बरं का."

"अन् आंघोळ झाल्यावर?"

"पोरी उठायच्या आधी उठ. दार लावून घे अन् लाव."

नेलपॉलिश मागं राहिली. माझ्या पोटात ट्यूबा, स्पंजचा तुकडा आणि छोटा आरसा आधी गेला. उरलेल्या जागेत काजळ, पावडर आणि टिकल्या कशाबशा मावल्या.

हॉस्टेलवर शीतल रोज सगळ्यांच्या आधी उठायची. न्हाणीघरात मला खिळ्याला अडकवायची, आरसा काढायची आणि आपलंच तोंड हळूहळू झाकायची. त्या वेळी तिच्यासोबत फक्त मी असे.

शेजारच्या खाटेवर निता राहत होती. कळमनुरीकडच्या एका तांड्यावरून आलेली, मोठ्यानं हसणारी, आपल्या डब्यातलं सगळ्यांना वाटणारी. तिला मामेबहिणीच्या लग्नाला जायचं होतं, तेव्हा ती शीतलला म्हणाली, "एवढं काय भरलंय गं तुज्या पिशवीत? जरासं क्रीम दे की. लग्नाला जाऊन राहिले."

शीतलनं मला छातीशी धरलं. "न्हाई. ते माजं हाय."

निताचा चेहरा उतरला. ती पुन्हा काही मागायला आली नाही. हळूहळू पोरी शीतलला 'नटवी' म्हणू लागल्या. सारखी आरशात बघते, कुणाला काही देत नाही, कुणात मिसळत नाही, असं बोलू लागल्या. मित्रांनो, मला सगळं ठाऊक होतं. पण पिशवीला कुठं तोंड असतं?

दुसऱ्या वर्षी एप्रिलमध्ये डोंगरकड्याच्या पुढं एका तांड्यावर आरोग्य शिबिर ठरलं. शिकवणाऱ्या मॅडम म्हणाल्या, "जीप लहान आहे. एकेकीनं एकच पिशवी घ्यायची. कपडे आणि टॉवेल, बस. नट्टापट्टा खोलीवर ठेवा." पोरी शीतलकडं बघून हसल्या.

शीतल खाटेवर बसली आणि माझ्यातलं सामान बाहेर काढू लागली. पावडर काढली. काजळ काढलं. टिकल्या काढल्या. शेवटी क्रीमची एकच ट्यूब उरली, तीही चपटी झालेली. नवी दुकानात मिळाली नव्हती. तिनं कात्रीनं ट्यूब मधोमध कापली, आत चिकटलेलं क्रीम बोटानं गोळा करून एका डबीत भरलं. ती डबी माझ्यात ठेवली आणि मला टॉवेलात गुंडाळून कपड्यांच्या तळाशी दडवलं.

तांड्यावर ऊन मी म्हणत होतं. मांडवात सगळ्यांची तपासणी चालली होती. जीप मांडवाला लागूनच उभी होती, त्यामुळं मला सगळं ऐकू येत होतं. एक म्हातारी मात्र मांडवाबाहेर, उन्हातच, आपला वेगळा तांब्या घेऊन बसली होती. निता तिच्याशी बंजाऱ्यांच्या गोरमाटी बोलीत बोलली. तिचं नाव मोतीबाई होतं. तिचे हात, गळा, कपाळ पांढऱ्या डागांनी भरलं होतं.

तिची सून मिना पुढं आली. "सिस्टर, तिला हात लावू नका. कोड हाय तिला. तिचं ताट-तांब्या आमी येगळं ठेवलं."

शीतल मोतीबाईंजवळ जाऊन बसली. म्हणाली, "आजी, हे पसरत न्हाई. घरात बसा, सगळ्यांसंगं जेवा."

मोतीबाई हसल्या. पण ते हसणं चांगलं नव्हतं. "तुजं तोंड कसं साफ हाय, पोरी. तुला काय ठाव तकलीफ काय ऱ्हाते ते? तू बोलून जीपमधी बसून जाशील. मी हितंच बसन."

शीतल उठली, जीपपाशी आली आणि मला बाहेर काढलं. घामानं तिच्या हनुवटीवरचं क्रीम आता ओघळायला लागलं होतं. मला वाटलं, आता ती डबी उघडणार. तिनं डबी बाजूला सारली आणि टॉवेल घेतला. मोतीबाईंकडं परत जाऊन त्यांच्या तांब्यातलं पाणी टॉवेलवर ओतलं आणि सगळ्यांसमोर तोंड पुसलं. ओठ पुसले, हनुवटी पुसली, एकेक बोट पुसलं. मग त्याच तांब्यातलं पाणी ती घटाघटा प्यायली.

मोतीबाईंनी तिची हनुवटी धरून तोंड वर केलं आणि बराच वेळ बघत राहिल्या.

"कदीपासून?" त्यांनी विचारलं.

"सातवीपासून."

मोतीबाई उठल्या. शीतलचा हात धरून मांडवात आल्या आणि मिनाच्या शेजारी बसल्या. मिना जरा आक्रसली. पण उठून गेली नाही.

परतताना जीपमध्ये एका पोरीनं शीतलपासून आपलं कोपर हळूच ओढून घेतलं. निता मात्र तिला खेटून बसली. ती रागात होती.

"एका खोलीत राह्यलो आपण. काहून सांगितलं न्हाई?"

"तू खाट बदलली असती," शीतल म्हणाली.

"मी? तुला असं वाटलं?" निता खिडकीकडं वळली. तिचे खांदे हलत होते. पण हिंगोलीला उतरताना नितानं शीतलचं सामान आपल्या खांद्यावर घेतलं.

पुढं शीतल पास झाली. लातूरच्या एका दवाखान्यात तिला नोकरी लागली. पुन्हा सामान भरायची वेळ आली. पद्माबाईंनी नव्या ट्यूबा मागवून माझ्यात व्यवस्थित रचून ठेवल्या होत्या. शीतलनं एकेक ट्यूब काढून फळीवर ठेवली. मग काजळ, पावडर आणि स्वतः आणलेली लाल लिपस्टिक एका नव्या पाऊचमध्ये भरली.

"माय, सजायचं सामान नेते. झाकायचं ठेवून जाते."

"लोकं बोलतेन गं."

"बोलू दे. मला बी बोलता येतंय आता."

पद्माबाईंनी फळीवरची एक ट्यूब उचलून हातात धरली. "मी तुला जपत होते, शीतल."

"ठाव हाय मला."

निघताना शीतलनं लिपस्टिक लावली. पद्माबाई जवळ आल्या. "थांब. वाकडी लागली," म्हणाल्या आणि आपल्या पदराच्या टोकानं लेकीच्या ओठाची कड, त्या पांढऱ्या डागाला अगदी लागून, नीट पुसून दिली. मग दोघी स्टँडकडं गेल्या. मी फळीवर राहिले.

मित्रांनो, शीतलचं चांगलं झालं याचा मला आनंद आहे. पण खरं सांगते, मला वाईटही वाटलं. जिच्या एकटेपणात मी एवढी सोबत केली, तिला त्या एकटेपणाबरोबर मलाही मागं टाकावं लागलं. पद्माबाईंनी ट्यूबा कधीच फेकल्या. मला फेकवलं नाही त्यांना, आणि वापरवतही नाही.

तुमच्या वर्गातही एखादी मुलगी आपली पिशवी सारखी जवळ धरून बसत असेल. तिला नावं ठेवू नका. पिशवीत काय आहे, हेही विचारू नका. नुसतं तिच्या बाकावर जाऊन बसा.

आणि माझ्यासारखी एखादी जुनी पिशवी घरात सापडली, तर तिला एकदा साबणानं धुऊन उन्हात वाळवा. मग तिच्यात काहीही ठेवा. गोट्या ठेवा, चिंचा ठेवा, रंगीत खडू ठेवा. चेन उघडी राहिली तरी चालेल.