शिंप्याच्या दुकानातलं स्टूल

मित्रांनो, एका शिंप्याच्या दुकानात कापड कापायच्या टेबलापाशी मी असतो. मी एक जुनं लाकडी स्टूल. माझा एक पाय फुगलेला आहे. तो का फुगला, तेच सांगायचं आहे.

मास्तरांनी दुकान टाकलं तेव्हा सुताराने मला उरलेल्या फळ्यांतून बनवलं. मास्तर कापायचे, त्यांची बायको मशीनवर शिवायची, काजं-बटणं करायची. तिने एक सवय लावून दिली होती. कापडावर खडूच्या खुणा झाल्या की ती पायाने मला मास्तरांकडे सरकवायची आणि म्हणायची, "आता बसा जरा. कापलेलं कापड पुन्हा जुळत नाही."

मास्तर बसायचे. हात मांडीवर ठेवून खुणांकडे बघायचे. श्वास संथ व्हायचा. कधी अचानक उठून एखादी रेघ पुसायचे, कारण बाही आखूड पडत होती. गावभर बोलबाला झाला, मास्तरांची कात्री चुकत नाही. माझं नाव कुणी घेतलं नाही, पण मला आतून बरं वाटायचं.

मग काम वाढलं. शाळेचे गणवेश आले, बॅंकेच्या शिपायांचे कपडे आले. मास्तर उभ्याउभ्याच सहा-सहा घड्या एकदम कापू लागले. माझ्यावर आधी खोकी चढली. नंतर मला मागच्या नळाखाली नेऊन माझ्यावर बादली ठेवली. पाणी गळायचं. तिथेच माझा पाय फुगला.

एकदा बॅंडवाल्यांनी मखमलीचे बारा कोट सांगितले. मखमलीची लव एका बाजूला झुकलेली असते. सगळे तुकडे एकाच दिशेने कापले नाहीत, तर एकाच कोटात दोन रंग दिसतात. हे मास्तरांना माहीत होतं. पण शुक्रवार तोंडावर आला होता. कापड पुरवायला त्यांनी बाह्या उलट्या मांडल्या.

"खुणा झाल्या ना? बसा जरा," बायको म्हणाली.

"बसायला वेळ कुणाला आहे? माझ्या वाटचं तूच बस."

"मी बसून तुमचं डोकं थोडंच थंड होणार?" ती हसली. मग म्हणाली, "मला पण एक सांगायचंय."

"सांग की. कान काही कापडात अडकलेले नाहीत."

कात्री चालूच होती. ती मशीनकडे वळली आणि म्हणाली, "राहू दे. कोट होऊ देत आधी."

बॅंडवाल्याने कोट अंगात घातला, आरशात पाहिलं आणि विचारलं, "मास्तर, बाह्या दुसऱ्या कापडाच्या लावल्या का?"

नवं कापड यायला आठ दिवस गेले. बाराही कोटांच्या बाह्या उसवल्या, पुन्हा कापल्या, पुन्हा शिवल्या. ती सगळे दिवस मशीनवर होती. मधेच पोट धरून वाकायची, मास्तर मान वर करण्याआधी सरळ व्हायची.

कोट गेल्यावर एका दुपारी दोघं डॉक्टरांकडून परत आले. मास्तरांनी बादली उचलली, मला पुसलं, पुढे आणलं आणि तिला बसवलं.

"दोन महिने दुखतंय आणि मला सांगितलं नाहीस?"

"सांगायला आले होते," ती म्हणाली. "तुम्ही उभे होतात."

त्याच दुखण्याने ती त्या वर्षी गेली. लवकर कळलं असतं तर वाचली असती का, हे मला ठाऊक नाही. मास्तरांनाही ठाऊक नाही, आणि तेच त्यांना सोडत नाही.

आता ते थोडंच काम घेतात. घाईचं गिऱ्हाईक परत पाठवतात. रोज माझ्यावर बसतात, शांत होतात, मगच कात्री उचलतात. काम चुकत नाही, दुकान नीट चाललं आहे. लोक म्हणतात, मास्तर पहिल्यासारखे झाले. मास्तर गिऱ्हाइकाचं माप लिहून घेत राहतात.

म्हणून मित्रांनो, तुम्ही मोठे होऊन जे काम कराल, तिथे बसायला एक जागा मोकळी ठेवा. तिच्यावर खोकी रचू नका. काही कायमचं ठरवायच्या आधी तिथे बसा, मन जाग्यावर येऊ द्या. आणि घरचं माणूस काही सांगायला आलं, तर आधी हातातलं खाली ठेवा. त्याला "राहू दे" म्हणायची पाळी आणू नका.