चूळ भरायची रांग

बाही वर सरकवताना भिंगरी कुरकुरली, म्हणून तिच्या आईने हात थांबवला, आणि तेव्हा तिला ती खूण दिसली. कोपराच्या वर, दंडाच्या बाहेरच्या बाजूला, समोरासमोर दोन कंस. कातडी फाटलेली नव्हती, पण कडा जांभळट होऊ लागल्या होत्या. तिने लेकीचा हात न्हाणीघराच्या खिडकीकडे, उजेडात धरला. खालचा कंस अखंड होता. वरच्या कंसात, मधल्या दोन ठशांच्या शेजारी, एका दाताची जागा कोरी होती.

ती दातांची डॉक्टर होती. ती कोरी जागा तिने स्वतःच्या हातांनी केली होती. पायरीवरून पडलेला तीन वर्षांचा एक मुलगा दवाखान्यात आला होता. दात मुळापर्यंत चिरला होता, काढण्यावाचून इलाज नव्हता. आईच्या मांडीवर बसून त्याने तिच्या गणवेशाचं बटण शेवटपर्यंत मुठीत धरून ठेवलं होतं. तो भिंगरीच्याच बालवाडीतला. सगळ्यांत किडकिडीत, म्हणून तिथे त्याला पैलवान म्हणत.

"कोणी चावलं गं?"

"कोणी नाही."

"दुखतंय?"

"आता नाही. साबण नको लावू."

सासूबाई टॉवेल घेऊन दारात आल्या आणि तिथेच थबकल्या.

"अगं बाई! हे काय झालं पोरीला?"

"या वयात चावतात मुलं, आई."

"चावतात म्हणे! आम्ही काय मुलं वाढवली नाहीत? तू एवढी दातांची डॉक्टर. बघून सांग की कोणाचे आहेत ते. नाव तेवढं कळू दे, पुढचं मी बघते."

बाहेरच्या खोलीत तिचा नवरा टेबलावर वाकून घरांचे नकाशे काढत बसला होता. तो घरूनच काम करायचा, त्यामुळे भिंगरीला आणणं-नेणं त्याच्याकडे होतं.

"आई, टॉवेल दे तिला, गारठेल," एवढंच तो म्हणाला आणि पुन्हा पट्टी कागदावर टेकवली.

संध्याकाळी पालकांच्या ग्रुपवर ठेकेदारांचा निरोप आला. त्यांची जुळी मुलं त्याच वर्गात होती; चावल्याची बातमी त्यांनीच घरी नेली असावी. या महिन्यात चावण्याचा हा काही पहिला प्रकार नव्हे, असं त्यांनी लिहिलं होतं. चावणारं मूल वर्गात नको. बालवाडीवाले नाव सांगायला तयार नाहीत, तसा त्यांचा नियम आहे म्हणे. पण आपल्यात डॉक्टर आहेत. डॉक्टर, खूण बघून तुम्ही सांगू शकाल ना? उद्या संध्याकाळी बैठक.

त्याखाली भराभर अंगठे उमटले. तिने 'बघते' असं लिहिलं आणि पुसून टाकलं.

राग तिलाही येत होता. स्वयंपाक करताना तिच्या डोळ्यांसमोर ते दोन कंस येत होते आणि हातातली सुरी जरा जास्तच जोरात चालत होती. पण त्यांच्या मागोमाग पैलवानाची आईही येत होती. ती पेट्रोल पंपावर काम करायची. दात काढून झाल्यावर तिने बिल विचारलं नव्हतं, दुखेल का हेही विचारलं नव्हतं. "उद्या बालवाडीत जाऊ शकेल ना हा?" असं विचारलं होतं. "माझ्या सुट्ट्या संपल्यात हो. याला ठेवायला दुसरं कोणी नाही. आता खाडा झाला तर ते दुसरी बाई घेतील."

सकाळी दवाखाना दुपारपर्यंत बंद ठेवून ती बालवाडीत गेली. मोठ्या ताई, म्हणजे तिथल्या प्रमुख, रंगांच्या वाट्या धूत होत्या. त्यांनी हात पुसले नाहीत.

"कोण ते मी विचारायला आले नाही," ती म्हणाली. "मला माहीत आहे."

"मग माझ्याकडून काय हवंय?"

"तो पुन्हा चावणार नाही, एवढी खात्री."

"एवढीच? अहो, एवढी खात्री मला घरच्या माणसांचीही देता येत नाही." मोठ्या ताईंनी एक वाटी पालथी घातली. "तुम्ही असं करा, डॉक्टर. आज वर्गात बसा. कोपऱ्यात, खाली. काही बोलू नका. आणि तोंडांकडे बघू नका. तुमची सवय मला ठाऊक आहे. पायांकडे बघा."

ती भिंतीला टेकून जमिनीवर बसली. भिंगरीने तिला पाहून हात हलवला आणि ठोकळ्यांकडे वळली. आपली आई म्हणजे वर्गातलं आणखी एक कपाट असावं, तशी. मुलं इकडून तिकडे जात होती आणि पायांना भरपूर जागा होती. पैलवान मगातून पाणी आणून कुंडीत ओतत होता. एका मुलीने मग ओढला. वर्गावरच्या ताई गुडघ्यांवर बसल्या, दोघांच्या उंचीला आल्या, आणि नुसत्याच थांबल्या. पैलवानाचे कान लाल झाले.

"आता माझा आहे," तो म्हणाला. "नंतर तुझा."

मुलीने मग सोडला. ताई उठल्या. बस, एवढंच. ती मनात म्हणाली, हे मूल चावतं?

खाऊ झाला तसं सगळं बदललं. "चला, चूळ भरायची रांग," असं ताईंनी म्हटलं आणि वीस मुलं उठली. वर्गातून नळांकडे जायला एक बोळ होता, तिच्या कोपऱ्यातून सरळ दिसणारा, त्यात एका बाजूला चपलांचं रॅक. पलीकडच्या टोकाला नळ दोन. ती पायांकडे बघत राहिली. सुरुवातीला पावलांमध्ये फरशीची एक-एक पट्टी दिसत होती. मग ती दिसेनाशी झाली. एकाची टाच, तिला दुसऱ्याची बोटं. नळाशी कोणीतरी पाण्यात खेळत होतं आणि मागून रांग चेपत येत होती. पैलवान टाचा उचलून रॅकला चिकटला. त्याच्यापुढे भिंगरी होती. तिला एका दणकट मुलाने भिंतीवर दाबलं होतं, मुद्दाम नाही, त्यालाही मागून कोणी ढकलत होतं. भिंगरीची पावलं चवड्यांवर आली. तिने तोंड उघडलं आणि त्या मुलाच्या खांद्याकडे नेलं.

ताईंचा तळहात मध्ये आला. घाईने नाही, उतू जाणाऱ्या भांड्यावरचं झाकण सरकवावं तसा.

"'मागे हो' म्हण," ताई म्हणाल्या. "मोठ्यांदा."

"मागे हो!" भिंगरी किंचाळली.

तो मुलगा दचकून मागे झाला. ताईंच्या चेहऱ्यावर आश्चर्याची रेषही नव्हती.

ती कोपऱ्यातून उठली तेव्हा तिचा एक पाय बधिर झाला होता. मोठ्या ताई दारात उभ्या होत्या.

"हे पहिल्यांदा झालं नाही," ती म्हणाली.

"नाही." मोठ्या ताईंनी तिच्याकडे नीट पाहिलं. "घरी सांगितलं होतं आम्ही. न्यायला येतात त्यांना. तुम्हाला ठाऊक आहे असंच धरून चालले होते मी."

तिला काल नकाशावर वाकलेली पाठ आठवली.

"आणि ही रांग? ही कधीपासून आहे?"

मोठ्या ताईंनी आधी घसा साफ केला. "मागच्या पालकसभेपासून."

मागच्या पालकसभेत ती जबड्याचा मोठा साचा घेऊन आली होती. खाल्ल्यावर प्रत्येक मुलाने चूळ भरलीच पाहिजे, एकही सुटता कामा नये, असं तिने साच्याच्या दाढांवर बोट ठेवून सांगितलं होतं. पालकांनी टाळ्या वाजवल्या होत्या. रांगेत उभं राहिल्याने शिस्तही लागेल, अशी पुस्ती ठेकेदारांनी जोडली होती.

"त्याआधी काय करायची मुलं?"

"आधी? ज्याचं खाऊन व्हायचं ते पाणी प्यायचं आणि खेळायला जायचं."

"मला सांगायचं नाही का?"

"तुम्ही डॉक्टर. शिवाय मलाही वाटलं, सवयीने जमेल. माझंच चुकलं. बँकेत आपण ताटकळतो तेव्हा निदान कशासाठी ते माहीत असतं. यांना माहीत नसतं. यांना फक्त मागचा माणूस कळतो."

संध्याकाळी मोठी माणसं मुलांच्या खुर्च्यांवर बसली होती आणि सगळ्यांचे गुडघे हनुवटीपर्यंत आले होते. तिच्या शेजारी तिचा नवरा होता. दिवसभरात ती त्याच्याशी या विषयावर एक अक्षर बोलली नव्हती, आणि त्याचा अर्थ त्याला कळला असावा, कारण कोणी न सांगता तो भांडी घासून आला होता. पैलवानाची आई दाराशी उभी होती. पंपाचा गणवेश अंगावर, पिशवी दोन्ही हातांनी छातीशी धरलेली. पुढे खुर्च्या रिकाम्या होत्या, तरी ती बसली नव्हती.

"मी काही कोणाच्या मुलावर उठलेलो नाही," ठेकेदार म्हणाले. खुर्चीत ते अर्धेच मावले होते. "पण रोज उठून कोणाला ना कोणाला चावा, हे चालणार नाही. हं, डॉक्टर. तुम्ही खूण बघितलीत ना?"

"बघितली."

"मग? कोणाची?"

दाराशी उभी असलेली बाई जमिनीकडे बघत होती.

"खुणेवरून नाव सांगू नये," भिंगरीची आई म्हणाली. "कातडी ताणली जाते, सरकते. ठसा फसवतो." हे खरं होतं. पुस्तकात असंच होतं. त्या एका कोऱ्या जागेबद्दल ती बोलली नाही. "पण चावतात कुठे ते सांगता येईल. आज मी इथे बसून पाहिलं. चूळ भरायच्या रांगेत. दोन नळ, एवढासा बोळ आणि वीस मुलं. ती रांग माझ्या सांगण्यावरून लागली. मुलांना किती वेळ उभं राहावं लागेल, हे माझ्या डोक्यातच आलं नाही."

"म्हणजे आता दोष नळांचा?" ठेकेदार म्हणाले.

"माझा. आणि माझ्या मुलीनंही चावलंय."

शेजारची खुर्ची कुरकुरली. तिने तिकडे पाहिलं नाही.

मोठ्या ताई खिडकीबाहेर असं काही बघत होत्या, जणू तिथे फार महत्त्वाचं काम चाललं होतं.

"आमच्या जुळ्यांतल्या एकानंही," ठेकेदारांची बायको म्हणाली.

ठेकेदार खुर्चीसकट वळले. "कोणी? कधी?"

"घरी सांगते."

"मला का नाही सांगितलंस?"

"सांगितलं असतं तर तुम्ही बैठक बोलावली असती."

मागून कोणीतरी फसकन हसलं. मग एक आई म्हणाली की तिच्या मुलीबद्दलही ताईंनी बाजूला घेऊन सांगितलं होतं, आणि ती रात्रभर झोपली नव्हती. तिला वाटलं होतं की सगळ्या वर्गात आपलंच मूल असं.

"मलाही तसंच वाटलं होतं," दुसरी म्हणाली.

"आमची नात मलाच चावली," एका आजोबांनी हात वर केला. "ते यात धरायचं की नाही?"

आता सगळेच हसले. मोठ्या ताई खिडकीपासून वळल्या. उद्यापासून ज्याचं खाऊन होईल ते मूल उठेल, त्या म्हणाल्या, रांग बंद. चुळीसाठी दोन बादल्या टेबलाजवळच ठेवू, डॉक्टरांची हरकत नसेल तर. डॉक्टरांची काही हरकत नव्हती. नुसतं पाणी प्यायली तरी पुष्कळ आहे, असं ती म्हणाली.

ठेकेदार उठले होते. त्यांनी खिशातून मोजपट्टी काढली आणि बोळात शिरले. तिथून त्यांचा आवाज आला.

"अरे, हे रॅक इथे कोणी ठोकलं? इथे तर मोठी माणसंसुद्धा चावतील! ताई, रविवारी दोन माणसं पाठवतो. हे उचलून पलीकडे घेऊ."

तिने दाराकडे पाहिलं. पैलवानाच्या आईने पिशवी खाली ठेवली होती. ती हळूच पुढे आली, एका इवल्याशा खुर्चीवर बसली आणि दोन्ही तळहातांनी तोंड पुसलं. शेजारच्या आजोबांनी तिला काहीतरी विचारलं. ती मान हलवत हसली.

परतताना रस्त्यावरचे दिवे नुकते लागले होते. भिंगरी घरी आजीजवळ होती.

"सांगणार होतो तुला," नवरा म्हणाला.

"कधी?"

"तिचं लग्न ठरल्यावर."

तिला हसायचं नव्हतं.

"तुला सांगितलं असतं तर आईला कळलं असतं," तो म्हणाला. "आणि आईला कळलं असतं तर ते माझ्यावरच आलं असतं. तुला माहीत नाही, माझ्या लहानपणीच्या चाव्यांचं तिच्याकडे काय काय साठलंय."

"कितीदा चावली?"

"दोनदा."

"कोणाला?"

"ते ताईंनी सांगितलं नाही. मी हात जोडले, म्हटलं त्या मुलाच्या घरी जाऊन माफी तरी मागतो. तर म्हणाल्या, ती मुलं-मुलं आपसात बघून घेतात. तुम्ही मध्ये पडू नका."

तिच्या मनात वर्गातले एकेक चेहरे येऊ लागले. कोणाच्या दंडावर, कोणाच्या खांद्यावर भिंगरीच्या दातांची खूण असेल? एका किडकिडीत चेहऱ्याशी ती क्षणभर अडखळली. मग तिने त्यालाही जाऊ दिलं.

"बरं झालं, नाव सांगितलं नाही," ती म्हणाली आणि त्याच्या कोपरात हात अडकवला.