दहाची जोडी

वहीत दोन आकडे एकाखाली एक मांडले की भिंगरी रडकुंडीला यायची. सहा वर्षांची पोर, एरवी तोंडाचा पट्टा चालू, पण बेरीज म्हटलं की तोंडाला कुलूप. तिच्या बापाचं केस कापायचं दुकान होतं. शाळा सुटली की आई कपड्यांच्या कारखान्यातून येईपर्यंत ती तिथेच असायची. एकदा बापाने वही मिटून टाकली आणि खेळ काढला. गिऱ्हाइकाच्या डोक्यावर हवेतच तो कातर वाजवायचा. भिंगरीने नुसतं ऐकायचं आणि दहाला किती कमी पडले ते सांगायचं. चारदा कचकच झालं की "सहा". आठदा झालं की "दोन". हळूहळू तिला बोटं लागेनाशी झाली. गिऱ्हाइकंही खेळात उतरायची, हरायची, आणि भिंगरी आरशातून त्यांना वेडावून दाखवायची.

त्या दुपारी दुकान रिकामं होतं. बाप पाठमोरा उभा राहून कंगवे धूत होता आणि भिंगरी खुर्चीवर गुडघे टेकून गरागरा फिरत होती. "हळू गं," तो म्हणाला, आणि म्हणेपर्यंत ती खाली आलीसुद्धा. कानाच्या वर फरशी लागली.

तिने भोकाड पसरलं. बापाने तिला उचललं, डोकं चाचपलं. रक्त नव्हतं, नुसतं टेंगूळ येत होतं. त्याने त्यावर ओला रुमाल धरला. थोड्या वेळात तिचं मुसमुसणं थांबलं. तिने बिस्किट खाल्लं, फवाऱ्याने आरशावर पाणी उडवलं, दाढीला आलेल्या माणसाला टेंगूळ कौतुकाने दाखवलं. बापाचा जीव भांड्यात पडला.

मग टेम्पोवाले काका आले. ते नेहमीचे, आणि खेळात नेहमी हरणारे. त्यांच्या डोक्याची डावी बाजू कापून झाली तसा बापाने कातर वर धरली आणि सातदा वाजवली.

"तीन," भिंगरी म्हणाली. ती बाकावर पाय पोटाशी घेऊन बसली होती.

त्याने चारदा वाजवली.

"तीन."

"नीट ऐक," बाप म्हणाला, आणि पाचदा वाजवली.

"तीन."

काका हसले. "आज मी जिंकतोय वाटतं."

"चेष्टा पुरे हं, भिंगरे." बापाचा आवाज जरा चढला. मग त्याने आरशात पाहिलं. ती चेष्टा करत नव्हती. चेष्टा करताना तिच्या गालाला खळी पडायची. आता ती कातरीकडे बघतच नव्हती. नजर भलतीकडेच कुठेतरी लागली होती.

बाप कातर ठेवून तिच्यापुढे उकिडवा बसला. "दोन आणि दोन किती, बाळा?"

ओळखीचा माणूस भेटावा आणि नाव आठवू नये, तसं तिने त्याच्याकडे पाहिलं. "बाबा, डोकं दुखतंय," ती म्हणाली, आणि त्याच्या अंगावर भडाभडा ओकली.

तिला उचलायचं, की दुकान बंद करायचं, की बायकोला फोन करायचा, काही सुचेना.

काका खुर्चीतून उठले. "पोरीला घे. टेम्पो दारातच आहे."

"काका, तुमचे केस..."

"केसांचं मरू दे. घे तिला."

अंगावरचं पांढरं कापड तसंच गळ्याला बांधलेलं, डोकं अर्धं कापलेलं, काकांनी टेम्पो रस्त्यात घातला. भिंगरी बापाच्या मांडीवर होती. तिची मान पुन्हा पुन्हा कलंडत होती. तिला झोपू द्यायचं नाही एवढंच त्याला कळत होतं, आणि जागं ठेवायला त्याच्याजवळ दुसरं काही नव्हतं.

"भिंगरे, इकडे बघ. नऊ आणि?"

"हं."

"नऊ आणि किती म्हणजे दहा?"

"नऊ."

"बरं, एक आणि एक?"

तिची मान त्याच्या दंडावर कलंडली. रोज एकेक करून शिकलेलं सगळं तिच्या आतून निसटत चाललंय आणि आपण ते नुसतं ऐकतोय, असं त्याला वाटलं. पुढचा प्रश्न विचारायची त्याला भीती वाटायला लागली. शेवटी तो म्हणाला, "मी कोण आहे गं?"

"बाबा," ती पुटपुटली आणि डोळे मिटले.

"काका, जोरात चला," तो म्हणाला. काकांचा हात हॉर्नवरून निघालाच नाही.

दवाखान्यात डॉक्टरीणबाईंनी विचारलं, "पडल्यावर बेशुद्ध झाली होती?"

"नाही. खेळली, खाल्लं. मग बेरजा चुकायला लागल्या." आपण काहीतरी वेडगळ बोललो असं त्याला वाटलं. पण बाई हसल्या नाहीत. त्यांनी भिंगरीच्या पापण्या उघडून बॅटरीचा उजेड टाकला आणि नर्सला घाईने हाक मारली. एका डोळ्यातली बाहुली दुसरीपेक्षा मोठी झाली होती.

तपासणीनंतर बाई बाहेर आल्या. "कवटी आणि मेंदूच्या मधे रक्त साचतंय. लगेच ऑपरेशन करावं लागेल."

"ती वाचेल ना?"

"आम्ही घाई करतोय," त्या म्हणाल्या. याहून भीतिदायक उत्तर त्याने आयुष्यात ऐकलं नव्हतं.

बायको आली ती धावतच. तिच्या कपड्यांना कारखान्यातले दोरे चिकटले होते. "काय झालं?"

"मी पाठमोरा होतो गं," तो म्हणाला. तिने त्याचं मनगट घट्ट धरलं आणि दाराकडे बघत राहिली. काका भिंतीशी उभे होते. येणारे-जाणारे त्यांच्या डोक्याकडे वळून बघत होते. त्यांना त्याचा पत्ताच नव्हता.

दार उघडलं तेव्हा बाईंचा चेहरा थकलेला होता. "रक्त काढलंय. वेळेत आणलंत. पण ती नीट शुद्धीवर येईपर्यंत खात्रीने काही सांगत नाही."

दुसऱ्या दिवशी सकाळी भिंगरीने डोळे उघडले आणि पाणी मागितलं. तिने आईला ओळखलं, बापाला ओळखलं, काका कुठे गेले म्हणून विचारलं. डॉक्टरीणबाई बापाला म्हणाल्या, "तुमच्या खेळातलं एखादं सोपं विचारा बरं तिला."

त्याने तोंड उघडलं. टेम्पोतली ती मान त्याला पुन्हा दिसली. "मला नाही जमायचं," तो म्हणाला आणि व्हरांड्यात जाऊन उभा राहिला. दाराआडून त्याला बायकोचा आवाज आला.

"पाच आणि?"

मग बारीक आवाज आला, "पाच."

"आठ आणि?"

"एक."

"येईल हळूहळू," बाई आतून सांगत होत्या. "घाई करू नका."

आलं, पण सावकाश. आधी दहापर्यंतचं, मग बऱ्याच आठवड्यांनी त्यापुढचं. दुकानातली खुर्ची फिरणार नाही अशी बापाने पक्की करून टाकली. खेळ मात्र त्याने आपण होऊन काढला नाही. भिंगरीच बाकावर कंटाळली आणि म्हणाली, "वाजव की."

आता ती बहुतेक वेळा बरोबर सांगते. पण मधेच रस्त्यावरचं कुत्रं बघते, गिऱ्हाइकाच्या चपला बघते, आणि उत्तर लांबतं. मग बापाची कातर तशीच हवेत राहते आणि तो आरशात तिचे डोळे शोधायला लागतो.

"बाबा, असं बघू नकोस ना," ती म्हणते. "मोजतेय मी."