लाल रेघेवरची बैठक

मी कयाक बोलतेय. लांबोडकी, अरुंद, समुद्रात जायची होडी. त्या सकाळी मला खटकलं ते अगदी बारीकसं होतं. भाचीच्या टाचा टेकल्या नाहीत. माझ्या पोटात पाय रोवायला दोन पट्ट्या आहेत, त्यांच्या वीतभर अलीकडेच ते पाय अधांतरी राहिले.

"मामा, पाय पोचत नाहीत रे," ती म्हणाली.

"पोचतील गं! वेग आला की सगळं जमतं," म्हणत मामांनी मला पाण्यात ढकललं.

या मामांबद्दल थोडं सांगायला हवं. मी कारखान्यातून निघाले तेव्हा माझी बैठक छान पुढेमागे सरकायची. मामांनी मला घेतलं, कयाकच्या शर्यतीतल्या कुठल्याशा विजेत्याचा फोटो पाहिला, बैठक पार मागे नेली आणि मामींच्या नेलपॉलिशने तिथे लाल रेघ ओढली. "ही वेगाची जागा! कोणी हात लावायचा नाही." तो विजेता ताडमाड. आमचे मामा मामींच्या खांद्याला लागतात. मग वल्हंही त्याच विजेत्यासारखं आणलं, लांबलचक, दोन्ही टोकांना सुपाएवढी पाती. माझ्यासोबत आलेलं छोटं वल्हं दोन भागांत सुटं करून माझ्या पाठीवर बांधलं गेलं. त्याला मामा 'चमचा' म्हणतात.

वेग म्हणजे मामांचा जीव की प्राण. माझा आजवरचा सगळ्यात जास्त वेग नोंदला गेला तो मी मोटारीच्या टपावर बांधलेली असताना. फोनवरचं मोजमाप बंद करायचं राहिलं होतं. तो आकडा ते पाहुण्यांना अजून सांगतात. मी लाजेने चूर होते, पण होडीला विचारतो कोण? स्वतः मामा मात्र गुडघाभर पाण्यापुढे कधी आले नाहीत. "आज वारा बरोबर नाही," हे ठरलेलं.

त्या दिवशी वारा खरंच बरोबर नव्हता. किनाऱ्याकडून समुद्राकडे वाहत होता. बैठक मागे, म्हणून माझं नाक वर उचललेलं. वाऱ्याने तेच धरलं आणि मला खोल पाण्याकडे वळवलं. भाचीने ती सुपं ओढून पाहिली, पण पाय रोवल्याशिवाय जोर येणार कुठून? बसल्याजागी नुसती घसरत होती बिचारी.

"मामा! मामा रे! मागे येता येत नाहीये!"

किनाऱ्यावर मामा शेजाऱ्यांना समजावत होते. "बघा, कशी सुसाट चाललीय! सगळी बैठकीची कमाल."

"ती हात हलवतेय हो."

"आनंद झालाय तिला!"

भाचीने खाली पाहिलं. लाल रेघ, शेजारी बैठक सरकवायचा खटका. तिचा हात अडखळला. त्या रेघेवरून मामा-मामींचा अबोलासुद्धा झाला होता. मग एक लाट आडवी आली आणि तिने रडतरडतच खटका ओढला. कट्, कट्, कट्! बैठक पुढे आली, टाचा पट्ट्यांवर टेकल्या. माझं नाक पाण्यात नीट बसलं. सुपं माझ्या पाठीवरच्या दोरीखाली खोचून तिने चमचा जोडला. मी वाऱ्याकडे तोंड केलं.

आम्ही हळूहळू परतलो. इतक्या हळू की वेग विचारूच नका. सगळा वेळ मी मनात एकच घोकत होते: बाबांनो, मला फोटोतल्या माणसाच्या मापाने लावू नका. जो बसेल त्याचे पाय बघा!

माझं नाक वाळूत रुतलं. भाची गुडघ्यांत डोकं घालून बसून राहिली. मामा फोनमध्ये आकडा शोधत होते. मग त्यांनी मान वर केली.

"काय गं, मघाशी काही म्हणालीस का?"