पर्याय अ : वीस

एफिओम सरांचं नाव काढलं की माझं डोकं सणकायचं. कालाबार शहरातल्या आमच्या शिकवणीच्या पत्र्याच्या खोलीत ते घसा फोडून ओरडायचे, "गणित सोडवत बसू नका, उत्तर पकडा! चार पर्याय छापून दिलेत ना? एकेक उचला, गणितात घालून बघा. बसला तो तुमचा. आणि जो अशक्यच, त्याला आधी हाकला!"

पोरं खिदळत उतरवून घ्यायची. मी नाही. मला ही चोरवाट वाटायची. क्ष धरावा, समीकरण मांडावं, उत्तरापाशी मानाने पोचावं. सर माझ्या कागदावर बोट आपटून म्हणायचे, "आरितबाई, तुमची वरात पोचेपर्यंत परीक्षा घरी गेलेली असेल!" सगळा वर्ग फिदीफिदी हसायचा. नुसता जळफळाट व्हायचा माझा.

विद्यापीठाच्या प्रवेशपरीक्षेची ही माझी दुसरी खेप. मला औषधशास्त्रालाच जायचं होतं. आईने साफ सांगितलं होतं, "या वेळची फी भरली, बाई. पुढच्या वर्षी माझ्याच्याने नाही व्हायचं. नाही जमलं तर लागोसला मावशीकडे जा, तिची पोरं सांभाळ." आई बाजाराच्या कोपऱ्यावर अकारा, म्हणजे चवळीची भजी, तळते. चवळी वाटून वाटून तिचा उजवा खांदा कामातून गेलाय. ती धमकी देत नव्हती, खरं तेच सांगत होती.

परीक्षेला संगणकासमोर बसले. पडद्याच्या कोपऱ्यात घड्याळ उलटं पळत होतं. मधेच एक वयाचं गणित आलं. आई आज मुलीच्या तिप्पट वयाची, दहा वर्षांपूर्वी पाचपट होती. एवढं वाचलं आणि माझा हात शिवशिवला. मुलीचं वय क्ष धरलं, समीकरण मांडलं, कंस सोडवले, वीस आलं. वर बघते तर पहिलाच पर्याय, अ : वीस. घ्या सर, म्हटलं मनात, ही बघा पोचली वरात! आणि दाबलं. पर्याय घालून बघायला मला काय वेड लागलं होतं?

बाहेर पडले ती थेट आईकडे. तिने गरम अकारा माझ्यापुढे ठेवला.

"कसं गेलं गं?"

"झकास! एक तर तुझ्यामाझ्यासारखं गणित होतं, आई आणि मुलीचं." मी तोऱ्यात सगळं सांगितलं. "बाकीचे अजून डोकं खाजवत असतील. मुलगी वीसची."

आईने झारा निथळवला. "आणि आई केवढी?"

"कुठली आई?"

"अगं, गणितातली. मुलगी वीसची, मग तिची आई?"

"साठची," मी म्हटलं, आणि घास तोंडातच राहिला. प्रश्नाची शेवटची ओळ आत्ता डोळ्यांपुढे आली. आईचे आजचे वय काढा.

वीस वर्षांची आई! तिची पोर सात वर्षांचीही नसणार, दहा वर्षांपूर्वी ती जन्माला तरी आली होती का? तो वीस एकदा गणितात घालून बघितला असता तर तिथेच हाकलला असता. माझ्याच थोबाडीत मारून घ्यावीशी वाटली.

"साठची?" आई खदखदून हसली. "मग ती पण अजून पोरीच्या फीसाठी तळतच असेल, बिचारी."

आठवड्याने फोनवर निकाल आला. औषधशास्त्राला लागतात त्याहून दोन गुण कमी. एका प्रश्नाचे असतात तेवढेच.

आई ओरडली नाही. ओरडली असती तर बरं झालं असतं. डाव्या हाताने ती खांदा चोळत राहिली. मग म्हणाली, "जाऊ दे. ते आपलं आईमुलीचं तरी बरोबर आलं ना गं?"

"आलं," मी म्हटलं, आणि लागोसची पिशवी भरायला आत गेले.