मी, उस्ताद आणि कडू काकडी

मी एक जुना लाकडी बत्ता आहे, मित्रांनो. बत्ता म्हटले की तुमच्या डोळ्यांसमोर मसाला कुटणारा धिप्पाड लोखंडी बत्ता उभा राहील. तो मी नव्हे. मी वीतभर उंच, अंगाने सडपातळ आणि स्वभावाने मवाळ. माझा जन्म कुटण्यासाठी नाही, अलगद दाबण्यासाठी झाला. हॉटेलात मला मडलर म्हणत, तेव्हा मी हुरळून जायचो. आता घरात कुणी 'तो दांडका' म्हटले, तरी निमूटपणे ओ देतो.

एका सुताराने खुर्चीचा पाय करताना उरलेल्या तुकड्यातून मला घडवले. लेथवर गरागरा फिरवले, पॉलिशपेपरने घासले आणि रंग न लावताच बाजूला ठेवले. शेजारची खुर्ची चकचकीत होऊन बसली होती. तिचा मला फार हेवा वाटला. पण पुढे तिच्यावर कोण कोण बसले असेल याचा विचार केला आणि माझे मन शांत झाले.

मला विकत घेतले उस्तादांनी. ते एका हॉटेलात पेये बनवत. त्यांचे खरे नाव वेगळे होते, पण सगळे त्यांना उस्तादच म्हणत. उन्हाळ्यात त्यांच्या काकडीच्या कॉकटेलसाठी लोक ताटकळत उभे राहायचे. ग्लासात काकडीच्या पातळ चकत्या, पुदिन्याची आणि बेझिलची, म्हणजे विलायती तुळशीची, पाने, लिंबाचा रस, साखरेचा पाक. मग माझी पाळी.

"दाबायचं, जरासं पिळायचं आणि सोडून द्यायचं. ठेचलं की पुदिना सूड घेतो," असे उस्ताद नव्या माणसांना बजावत.

खरेच आहे ते. पाने फाटली की पेय कडवट होते. वरून भरपूर बर्फ आणि सोडा. मोठी माणसे त्यात एका बाटलीतले आणखी काहीतरी घालून घेत, पण त्यात तुम्ही नाक खुपसू नका. सगळे झाले की उस्ताद लांब चमच्याने थोडेसे चाखत आणि मगच ग्लास पुढे सरकवत.

कौतुक उस्तादांचे व्हायचे. माझे कुणी केले नाही. पण काम संपल्यावर ते मला स्वतः धुऊन, पुसून, फडक्यावर उभे करून ठेवत, आणि मला तेवढे पुष्कळ होते. निवृत्त झाल्यावर हॉटेलने त्यांना भिंतीवरचे घड्याळ दिले. ते त्यांनी पिशवीत कोंबले आणि मला मात्र शर्टाच्या खिशात घालून घरी आणले.

घरी त्यांची बायको शिवणकाम करते. मी तिला मनातल्या मनात वहिनी म्हणतो. खोलीभर कापडाचे तुकडे, गळ्यात मोजपट्टी, ओठांत टाचण्या. टाचण्या ओठांत असतानाही वहिनी स्पष्ट बोलतात. टाचण्या काढल्यावर तर विचारूच नका.

मग एका हिवाळ्यात उस्तादांना सणसणीत ताप आला. ताप गेला, पण जाताना जिभेची चव आणि नाकाचा वास दोन्ही घेऊन गेला. डॉक्टर म्हणाले, परत येईलही, नाहीतर नाहीही. उस्ताद पोटापुरते जेवत आणि कुणाशी फारसे बोलत नसत.

उन्हाळा लागला तेव्हा त्यांची मुलगी, जावई आणि मोठी बहीण जेवायला आली. उस्तादांनी बऱ्याच दिवसांनी मला हातात घेतले. हात तसाच होता, मित्रांनो. तेच दाबणे, तेच पिळणे. पण काकडी कडू निघाली. तिचा कडूपणा माझ्या अंगात भिनत होता आणि मला ओरडता येत नव्हते. उस्तादांनी सवयीने चमच्याने चाखले, मान हलवली आणि ग्लास पुढे केले.

"वा, बाबा! तोच हात!" जावई म्हणाला.

"अजून आहे का?" मुलीने विचारले, आणि तिथेच घोटाळा झाला. उस्तादांचा चेहरा असा खुलला की त्यांनी त्याच काकडीचा दुसरा ग्लास भरून आणला!

सगळे गेल्यावर ते खिडकीतल्या कुंडीत लावलेल्या बेझिलला पाणी घालायला गेले. कुंडीतल्या मातीवर बर्फाचे खडे आणि काकडीच्या चकत्या पडल्या होत्या. उस्तादांना सगळे कळले. ते रागावले नाहीत. मला धुतलेही नाही. चमच्यांच्या खणात टाकले आणि खण लावून घेतला.

ते दिवस वाईट होते. पाक माझ्या अंगावर वाळून चिकट झाला. एक गंजका ओपनर शेजारी होता, तो सारखा कण्हायचा. पुढे खिडकी वाऱ्याने आपटते म्हणून कुणीतरी मला फटीत अडकवले. उन्हाने माझ्या अंगाला बारीकशी भेग पडली. मला भेगेपेक्षा उस्तादांची काळजी वाटत होती. ते खुर्चीत बसून नुसते रस्त्याकडे बघत.

एके दिवशी वहिनींनी मला फटीतून उपसले, घासून धुतले आणि काकड्यांशेजारी ठेवले.

"करा," त्या म्हणाल्या.

"कुणासाठी?"

"माझ्यासाठी. तहान लागलीय."

"आणि चव कोण बघणार?"

"मी."

"तू पण वा वा म्हणशील."

वहिनींनी गळ्यातली मोजपट्टी काढून टेबलावर ठेवली. "अहो, कुंडीत पहिला ग्लास माझाच रिकामा झाला. तुमचा चेहरा बघवेना मला. चुकलंच माझं. आता नाही तसं करणार."

उस्तादांनी मला उचलले. मी जीव मुठीत धरून पाने दाबली. ग्लास तयार झाला. वहिनींनी घोट घेतला आणि तोंड वाकडे केले.

"कडू. ओता."

आणि उस्ताद हसू लागले, मित्रांनो! डोळे पुसत हसले. हॉटेलातल्या सगळ्या कौतुकावर ते असे कधी हसले नव्हते. वहिनींनी सगळ्या काकड्या चाखल्या आणि गोड होती तेवढीच पुढे ठेवली.

"आता आंबट जरा घट्ट बसलंय. काखेत काचतंय," दुसरा ग्लास चाखून त्या आपल्या शिवणकामाच्या भाषेत म्हणाल्या. उस्तादांनी पाक वाढवला.

"हं. आता अंगावर बसलं."

तेव्हापासून घरात असेच चालते. उस्तादांची चव अजून आलेली नाही, पण ते परत बोलू लागले आहेत, आणि भांडूही लागले आहेत. मला रोज पुसून, तेलाचा हात लावून सावलीत ठेवतात. भेग आहे तशीच आहे, वाढत नाही.

माझे मागणे थोडेच आहे. लाकडाच्या वस्तूला पाण्यात भिजत ठेवू नका, उन्हात विसरू नका. आणि कुणी मायेने काही करून तुमच्यापुढे ठेवले आणि 'कसं झालंय?' असे विचारले, तर खरे सांगा. गोड आवाजात सांगा, पण खरे सांगा. म्हणजे त्याला दुसरा ग्लास करता येतो.